वायदेबाजाराची सल्लासेवा घेताना

वायदेबाजारातील (फ्युचर्समधील) सल्लासेवेची वर्गणी भरण्याआधी पहिला प्रश्न स्वतःलाच विचारावा: आलेला सल्ला आपण नेमका केव्हा आणि किती लॉटमध्ये (लॉट म्हणजे सौद्याचे ठरलेले किमान एकक) अमलात आणू शकणार आहोत? दिवसभर नोकरीत अडकलेल्या माणसाने इंट्राडे कॉल, म्हणजे त्याच दिवशी घेऊन बंद करायच्या सौद्यांचे सल्ले, देणारी सेवा घेण्यात अर्थ नाही. बाजार बंद झाल्यावर पुढील दिवसाचे भाव कळवणारी आणि सौदा काही दिवस ठेवणारी पोझिशनल सेवा त्याला बरी. खात्यात जेमतेम एका लॉटचे मार्जिन (सौद्यासाठी ठेवावी लागणारी अनामत रक्कम) असेल आणि सेवा एका वेळी चार-पाच सौदे सुचवत असेल, तर आपण त्यातले मनाला येतील ते निवडू लागतो आणि मग त्या सेवेच्या निकालाशी आपल्या निकालाचा फारसा संबंध उरत नाही.

वेळेचा मुद्दा वाटतो त्याहून महाग आहे. समजा, अमेरिकेतील एस अँड पी ५०० या शेअर निर्देशांकाच्या ई-मिनी फ्युचर्स या वायद्यात ‘५००० ला खरेदी, स्टॉपलॉस ४९९५, टार्गेट ५००८’ असा कॉल आला; म्हणजे भाव ४९९५ ला उतरला तर तोटा घेऊन आणि ५००८ ला पोचला तर नफा घेऊन बाहेर पडायचे. या कॉन्ट्रॅक्टमध्ये एका अंकाची किंमत ५० डॉलर असल्यामुळे कागदावर २५० डॉलरच्या जोखमीसमोर ४०० डॉलरचा नफा दिसतो. संदेश वाचून ऑर्डर टाकेपर्यंत भाव ५००२ झाला आणि तिथे सौदा मिळाला, तर जोखीम ३५० डॉलर होते आणि नफा ३०० वर येतो. सल्ला तोच राहिला, पण सौद्याचे गणित उलटे झाले; सेवेच्या नोंदीत मात्र टार्गेट गाठल्यावर तो पूर्ण आठ अंकांचा नफा म्हणूनच लागतो.

म्हणून मागील कामगिरी मागताना निवडक स्क्रीनशॉट स्वीकारू नयेत. दिलेल्या प्रत्येक कॉलची तारीख, वेळ, प्रवेशाचा भाव, बाहेर पडण्याचा भाव आणि तोटे यांची सलग यादी मागावी, आणि हे आकडे प्रत्यक्ष खात्यातले आहेत की जुन्या भावांवर नंतर बसवलेले आहेत, हे स्पष्ट विचारावे. ‘७० टक्के कॉल यशस्वी’ या दाव्यावरून जवळजवळ काहीच कळत नाही: सरासरी नफा एक अंक आणि सरासरी तोटा तीन अंक असेल, तर दहा कॉलमध्ये सात अंक मिळतात आणि नऊ जातात, ब्रोकरेज वेगळेच. ‘अमुक भावाच्या वर खरेदी, तमुक भावाच्या खाली विक्री’ असे दुतर्फी कॉल देणाऱ्यांना तर बाजार कुठेही गेला तरी बढाई मारता येते. याहून वाईट प्रकार म्हणजे ८०० जणांपैकी निम्म्यांना तेजीचा आणि निम्म्यांना मंदीचा संदेश पाठवणे. ज्यांचा कॉल बरोबर ठरला त्यांच्यावरच हा खेळ पुन्हा केला, की तिसऱ्या फेरीनंतर १०० जणांना लागोपाठ तीन अचूक कॉल मिळालेले असतात आणि वर्गणीचा आग्रह त्यांनाच होतो.

नोंदणी तपासायला फार वेळ लागत नाही. भारतात नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार आणि संशोधन विश्लेषकांच्या याद्या सेबी या बाजार नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर आहेत. अमेरिकेत नॅशनल फ्युचर्स असोसिएशन या वायदे उद्योगाच्या स्वयंनियामक संस्थेच्या ‘बेसिक’ या विनामूल्य यादीत पूर्वी झालेली शिस्तभंगाची कारवाईही दिसते. मात्र तिथे, ग्राहकाच्या परिस्थितीनुसार न बदलता सर्वांना एकच सल्ला देणाऱ्यांना नोंदणीतून सूट मिळू शकते, त्यामुळे यादीत नाव नसेल तर सूट कोणत्या नियमाखाली आहे ते विचारावे. नोंदणी असली म्हणजे सल्ला चांगला असतोच असे नाही. खात्रीशीर नफ्याचे आश्वासन देणाऱ्याशी मात्र पुढचे बोलणे तिथेच थांबवावे.

सुरुवातीला सर्वांत लहान मुदतीची वर्गणी घ्यावी, मोठ्या मुदतीवर सवलत असली तरी. वर्गणीची रक्कम भांडवलाच्या किती टक्के होते हे काढावे. ती सहा टक्के असेल, तर पहिला सहा टक्के नफा सेवेच्या खिशात जातो. पैसे संस्थेच्या खात्यातच भरावेत, पावती घ्यावी, परतावा आणि आपोआप नूतनीकरणाच्या अटी वाचाव्यात, आणि ट्रेडिंग खात्याचा पासवर्ड किंवा ओटीपी कोणालाही देऊ नये.

पहिले काही आठवडे कागदावरच सौदे करावेत. प्रत्येक कॉलसमोर संदेश आल्याची वेळ, त्या क्षणी आपल्या पडद्यावर दिसणारा भाव आणि शेवटी झालेला निकाल लिहावा, आणि तोट्यातला कॉल बंद केल्याचा संदेश वेळेवर येतो की सेवा गप्प बसते, याकडे विशेष लक्ष द्यावे. एक्स्पायरी (वायद्याची मुदत संपण्याची तारीख) जवळ आल्यावर रोलओव्हरची, म्हणजे सौदा पुढच्या मुदतीच्या वायद्यात नेण्याची, सूचना येते का, हेही याच काळात कळते. नूतनीकरणाचा निर्णय या वहीवरून घ्यावा, सेवेच्या मासिक अहवालावरून नव्हे.

सेवा बंद करायची ठरल्यास नूतनीकरणाच्या तारखेआधी लेखी कळवावे आणि तोपर्यंत तिच्या कॉलवर घेतलेले सर्व सौदे बंद करावेत किंवा त्यांचे स्टॉपलॉस ब्रोकरच्या सिस्टिममध्ये टाकून ठेवावेत; कारण वर्गणी संपल्यानंतर खुल्या सौद्यातून बाहेर पडण्याचा संदेश आपल्याला येत नाही.