जंतुनिष्क्रिय केलेल्या पॅक्ड सेलमध्ये पेशी किती फुटल्या, ते कसे मोजायचे

पॅक्ड सेल म्हणजे रक्तातून वेगळ्या काढलेल्या लाल पेशींची पिशवी. रक्तातले जंतू निष्क्रिय करण्याची प्रक्रिया रायबोफ्लेविन-अतिनील (जीवनसत्त्व ब-2 आणि अतिनील किरण) असो की अमुस्टालिन-ग्लुटाथायोन (दोन रसायने), दोन्हींचा मारा जंतूंच्या डीएनए-आरएनएवर असतो. लाल पेशीत केंद्रकच नसल्याने ती वाचते. पण अतिनील किरणांचा चटका तिच्या आवरणाला बसतो. पुढे साठवणीत पोटॅशियम लवकर गळते, हिमोलिसिसही (लाल पेशी फुटणे) वाढते.

दोष प्रक्रियेचा की दात्याच्या रक्ताचा, हे पिशव्यांची जोडी लावल्याशिवाय कळत नाही. एकाच गटाच्या दोन पिशव्या एकत्र मिसळून पुन्हा सारख्या दोन करा. एकीवर प्रक्रिया करायची, दुसरी तशीच ठेवायची. या पिशव्या तपासणीपुरत्याच, रुग्णाला द्यायच्या नाहीत. नंदुरबार भागातला दाता असेल तर आधी सिकल सेल या आनुवंशिक रक्तदोषाची सोल्युबिलिटी चाचणी करून घ्या. सिकलच्या वाहक दात्याचे रक्त ल्युकोफिल्टरमध्ये (पांढऱ्या पेशी गाळणारी गाळणी) अडकते आणि सगळी जोडी वाया जाते.

नमुना घेण्याआधी पिशवी आठ-दहा वेळा हळुवार उलटसुलट करा. पिशवीला जोडलेल्या नळीच्या तुकड्यातले रक्त घेऊ नका, ते पिशवीची खरी स्थिती दाखवत नाही. बारीक सुईने जोरात ओढले तर पेशी तुमच्याच हाताने फुटतात. एकूण हिमोग्लोबिन आणि बारीक नळीत फिरवून हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) मोजा. उरलेला नमुना सेंट्रीफ्यूज करा, वरचा द्रव दुसऱ्या नळीत काढून पुन्हा फिरवा आणि त्यातले मोकळे (फुटलेल्या पेशींतून बाहेर आलेले) हिमोग्लोबिन कमी पातळी मोजणाऱ्या फोटोमीटरवर पाहा.

हिमोलिसिस टक्के = (100 − हिमॅटोक्रिट) × मोकळे हिमोग्लोबिन ÷ एकूण हिमोग्लोबिन.

हिमॅटोक्रिट 60, मोकळे 0.15 आणि एकूण 20 ग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर उत्तर 0.30 टक्के. मोकळे मिलिग्रॅममध्ये आणि एकूण ग्रॅममध्ये धरले, तर उत्तर हजारपट चुकते. ही चूक सर्रास होते. साठवणीच्या शेवटी युरोपात मर्यादा 0.8 टक्के, अमेरिकेत 1 टक्का. म्हणून पहिल्या दिवशी, मग दर आठवड्याला आणि मुदत संपताना मोजा. द्रव लालसर दिसतो म्हणून अंदाजाने पिशवी पास-नापास करू नका.

फ्रीज 2 ते 6 अंश, वाहतूक 2 ते 10 अंश. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा धडगाव-अक्कलकुव्याच्या घाटात पेटी उघडून पाहणे टाळा. बर्फही पिशवीला थेट टेकवू नका. पेशी गोठून फुटतात आणि खापर प्रक्रियेवर फुटते.