मोठा फिश टँक फुटू नये म्हणून
चार फुटी टँकची काच तडकते किंवा जोड गळतो तेव्हा बऱ्याचदा काच चांगलीच असते, खालचं टेबल वाकडं असतं. ४ × १.५ × १.५ फूट टँकमध्ये नुसतं पाणीच साधारण २५० किलो, त्यात काचेखाली वाळूचा एक खडा जरी राहिला तरी भार नेमका तिथेच येतो.

१. टेबल पुसून स्पिरिट लेव्हल (पातळी सपाट आहे का दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) टेबलावर लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे लावा.
२. टँकखाली थर्माकोलची अखंड शीट घाला. खालून प्लॅस्टिक फ्रेम असेल तर मात्र अजिबात नको, तळाच्या काचेवर खालून दाब येतो.
३. अर्धा भरून चारी कोपऱ्यांत पाण्याची उंची पट्टीने मोजा, फरक दिसला तर पूर्ण रिकामा करूनच टेबलाच्या पायाखाली पाचर द्या, भरलेला टँक सरकवू नका प्लीज.
४. मग पूर्ण भरून दोन दिवस जोडांवर कोरडा टिश्यू फिरवून बघा, मासे त्यानंतर.