वेप मारून तोंड चुरचुरतंय? कारण शोधताना या चुका टाळा

इथे यूकेत सिगरेट सोडून वेपवर (म्हणजे ई-सिगरेटवर) आलेल्या आपल्या पोरांचं एक रडगाणं ठरलेलं, तोंड आलंय, जीभ चुरचुरते, काय करू. आणि करतात काय तर एकाच दिवशी लिक्विड बदलतात, कॉइल (लिक्विड तापवणारी तार) बदलतात, एखादा तर अख्खं डिव्हाइसच नवीन घेतो. मग बरं वाटलं तरी कशाने वाटलं ते कळतच नाही. मीपण हेच केलंय, चांगले पैसे घालवून. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन-चार दिवस थांबा.

आधी बघा त्रास नक्की कुठे होतोय. सगळं तोंड कोरडं, जीभ टाळूला चिकटतेय, तर संशय पीजीवर (लिक्विडमधलं पातळ प्रोपिलीन ग्लायकॉल), कारण ते पाणी ओढून घेतं. मग लोक जोशात एकदम ७०-८० टक्के व्हीजीचं (व्हेजिटेबल ग्लिसरीनचं) लिक्विड आणतात, आणि इथेच गडबड होते, कारण ते असतं घट्ट, छोट्या पॉडच्या (खिशात मावणाऱ्या छोट्या वेपच्या) कॉइलमधला कापूस ते पटकन शोषत नाही, कापूस कोरडा राहतो आणि जळका झुरका थेट तोंडात. म्हणजे आगीतून फुफाट्यात. आपल्या कॉइलला काय चालतं ते आधी बघा, आणि नवीन कॉइल घातली की पाच-दहा मिनिटं भिजू द्या.

घशाशीच ठसका लागतोय तर निकोटीन बघा. इथे कायद्याने मिलिलीटरला २० मिलिग्रॅमच्या वर नाही, पण तेवढ्याच आकड्याचं साधं निकोटीन घशाला लागतं आणि सॉल्टवालं (निकोटीनचा क्षार असलेलं) मऊ जातं, नुसता आकडा बघून घेऊ नका.

दुसरी चूक म्हणजे सगळं खापर वेपवर फोडणं. सिगरेट सोडली की सुरुवातीचे काही आठवडे बऱ्याच जणांचं तोंड येतं, त्याला घाबरून परत सिगरेट पेटवू नका राव. फेसाळ टूथपेस्टमधल्या सोडियम लॉरिल सल्फेटनेही काहींना होतं. पण तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा-लाल चट्टा, किंवा पूर्वी गुटखा-सुपारी खाल्लीय आणि आता तिखटाने आग होते, तोंड पहिल्यासारखं उघडत नाही, तर कॉइल वगैरे सोडा आणि सरळ डेंटिस्ट गाठा.

माझं कारण सापडलं ते सुट्टीत. भारतात २०१९ पासून बंदी आहे म्हणून वेप नेलंच नव्हतं (तुम्हीपण नेऊ नका), तीन आठवडे आईच्या हातचं झणझणीत खाऊनही तोंड एकदम ठणठणीत. परत आलो, आधीच्याच लिक्विडची उरलेली अर्धी बाटली वापरायला घेतली, दुसऱ्याच दिवशी जिभेचं टोक चुरचुरलं. फ्लेवर होता दालचिनीचा.