तंबू रेवदंड्यात, फेरी चौलची: या चुका टाळा

शनिवारी अलिबागजवळच्या रेवदंड्याच्या किनाऱ्याला तंबू पडतात आणि रविवारचा बेत बहुतेकांचा सारखाच असतो. किनाऱ्याने थेरोंड्याकडे जायचं, तिथून आत वळून नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून चौल गाठायचं, रामेश्वराचं देऊळ, दत्ताचा डोंगर, आणि गावच्या रस्त्याने किल्ल्यातून परत तंबूवर. बेतात काही खोट नाही. पण फेरी कुठल्या अंगाने घालायची हे पाणी ठरवतं, आणि पाण्याला कुणी विचारत नाही.

चहा झाला की थेट किनारा धरणं

साडेनऊला पोहे संपतात, समोर समुद्र असतो, म्हणून पावलं तिकडे वळतात. घड्याळ पाहिलेलं असतं, तिथी नाही.

भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी म्हणजे 4, त्याची पाऊणपट 3, तेव्हा पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला 6, एकादशीला सव्वाआठ, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा ते बारा. शुद्ध पक्ष असो की वद्य, गणित तेच. त्यात सहा तास आणि थोडी मिनिटं मिळवली की पूर्ण ओहोटी. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीचं तयार कोष्टक हाती असेल तर तेच प्रमाण मानायचं. तरी पाऊणपट पाठ असावी. फोनची बॅटरी नेमकी किनाऱ्यावरच मान टाकते.

दुसरी गोष्ट, पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांतल्या एकूण चढाचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच येतं. "आत्ता तर लांब होतं" असं म्हणणारे याच दोन तासांत सापडतात.

दत्तजयंतीला जोडून सुट्टी आली की काय होतं ते बघा. दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजे उधाण, पुनव-अवसेची मोठी भरती. ओहोटी पहाटे साडेपाचच्या आसपास, सगळे झोपेत असताना होऊन गेलेली. साडेनऊला गट निघतो तेव्हा बारातले नऊ भाग पाणी आलेलं असतं. घट्ट ओली वाळू पाण्याखाली, वर उरते ती भुसभुशीत उताराची पट्टी. रस्त्यावर ताशी पाच किलोमीटर चालणारा माणूस तिथे तीनवर येतो, आणि एक पाय सतत खाली, एक वर, त्यामुळे घोटे बोलायला लागतात. मग कुणाला तरी खडकांवरून "पटकन" जायचं सुचतं. खडकावर शेवाळ असतं आणि कालवांच्या शिंपल्या असतात. शेवाळावरून पाय सटकला की हात शिंपलीवर पडतो, आणि ती पात्यासारखी कापते. बारा वाजता घामाघूम मंडळी थेरोंड्याला पोचतात, दत्ताच्या पायऱ्या भर उन्हात नको म्हणून गाळतात, रिक्षाने परत येतात आणि तंबूपुढे बसतात. संध्याकाळी पाचला त्यांच्यासमोर कडक, रुंद, चालायला आयती वाळू पसरलेली असते.

उपाय साधा आहे, फेरी उलटी घाला. उधाणाच्या दिवशी सातला गावातून निघायचं, थंडाव्यात दत्ताचा डोंगर चढून घ्यायचा, दुपार चौलच्या वाड्यांच्या सावलीत काढायची आणि चारच्या पुढे थेरोंड्याहून दक्षिणेला तंबूकडे उतरत्या पाण्याबरोबर यायचं. हिवाळ्यात दुपारनंतरचा समुद्रावरचा वारा बहुधा वायव्येचा असतो, तोही पाठीशी येतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो हे धरून निघा. अष्टमीच्या आसपास मात्र हाच हट्ट धरू नका. तेव्हा ओहोटी दुपारी बाराला असते, म्हणून सकाळी नऊनंतर किनारा आधी उरकलेला बरा. ते दिवस भांगाचे, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही.

रेवदंडा किल्ल्याच्या तटाला बाहेरून वळसा घालायचा मोह सगळ्यांना होतो. तो ओहोटीतच, आणि पाणी उतरत असताना. चढत्या पाण्यात लाटा तटाला लागतात, आणि मागे भिंत असली की पळायला जागा उरत नाही. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर लोक जीव गमावतात ते याच कारणाने. तिथे भरतीत जाऊ नका अशी पाटी आहे, ती वाचून तिच्यासमोर फोटो काढून पुढे जाणारेही आहेत. त्यांच्यासाठी हा लेख नाही.

वाडीतून शॉर्टकट

नकाशात रामेश्वर समोर दिसतं, मधे हिरवा ठिपका. तो हिरवा ठिपका कुणाची तरी नारळ-सुपारीची वाडी असते. चौलच्या पाखाड्यांतल्या, म्हणजे वस्त्यांतल्या, गल्ल्या वळणावळणाच्या आहेत, काही विहिरीपाशी संपतात, काही कुणाच्या पडवीत. घाईतला माणूस कुंपण ओलांडून सरळ जातो. आत झाडांना पाणी द्यायचे मातीचे पाट असतात. पाटाच्या काठावर बूट पडला की काठ फुटतो, पाणी भलतीकडे जातं आणि शेवटच्या रांगेतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीची आळी कोरडी राहतात. वाडीवाल्याचा आवाज चढतो तो उगाच नाही. खळ्यात वाळत टाकलेली सुपारी चुकवताना तिच्यावरच पाय देणारेही दर हंगामात निघतात.

आमची सवय अशी: फाटा आला की थांबायचं आणि दिसेल त्या माणसाला "काका, रामेश्वराकडे कुठून?" एवढं विचारायचं. दहा मिनिटं जास्त लागतात, आणि शहाळं कुठे मिळेल तेही कळतं. थेरोंड्याच्या कोळीवाड्यातही हेच. वाळत घातलेली मासळी आणि पसरलेली जाळी ओलांडायची नाहीत, वळसा घालायचा. मासळीच्या वासाने नाक धरून चालायचं असेल तर त्या बाजूला जाऊच नये.

बाकीच्या, पटापट

पाणी: माणशी तीन लिटर, हिवाळ्यातही. शहाळं मिळेल तेव्हा प्यायचं, पण त्याच्या भरवशावर निघायचं नाही.

पायात: मागे पट्टा असलेल्या सॅंडल. नुसती चप्पल ओल्या वाळूत रुतते, नवे बूट वाळू भरून फोड आणतात. मोजे दोन जोड, एक पिशवीत कोरडा.

तंबू: वाळूवर शेवाळ, काटक्या आणि प्लॅस्टिकची रेघ दिसते, ती मागच्या भरतीची. तंबू तिच्या बराच वर टाका, आणि उधाण जवळ येत असेल तर आणखी वर. रात्री बाराला पाणी पुन्हा येतं. वाळूत साध्या खुंट्या धरत नाहीत, वाळू भरलेली पिशवी दोरीला बांधून हातभर खोल पुरा.

कुंडलिका नदीचं मुख: पलीकडचा कोर्लई किल्ला हाकेच्या अंतरावर वाटतो. खाडीत पाय घालू नका, ओहोटीत ओढ समुद्राकडे असते. जायचंच तर साळावच्या पुलावरून, वेगळ्या दिवशी.

दत्तजयंती: त्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस जत्रा असते. गाडी डोंगराच्या पायथ्यापर्यंत नेण्याचा विचार सोडा.

गाडी वाळूवर: नाही.

रामेश्वराची पुष्करणी: खारे, वाळूचे पाय धुवायची ती जागा नव्हे. बाटलीतलं घोटभर पाणी त्यासाठी राखून ठेवा.