एकच वृंदावन, पुन्हा पुन्हा

कलामहाविद्यालयात नव्याने आलेली मुलं दर असाइनमेंटला नवा विषय शोधत बसतात. माझं सांगणं उलट आहे. जुनी स्केचबुकं काढा आणि हात आपसूक ज्या आकाराकडे वळतो, तो धरून ठेवा. माझ्यासाठी तो घरापुढच्या तुळशी वृंदावनाचा होता.

आधी जलरंगात केलं, मग कावीत. गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी पाहिली असेल. चुन्याच्या गिलाव्यावर लाल काव चढवायची आणि ओल आहे तोवर टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. जलरंगात पायरी आणि चौथरा सावलीने वेगळे केले होते. इथे लाल नाहीतर पांढरं, अधलंमधलं काही नाही. पायरी कुठे संपते ते रेघेनेच सांगावं लागलं, आणि त्यासाठी अंगणात जाऊन वृंदावन नव्याने बघावं लागलं.

कावीनंतर लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर खोदून घेतलेला ठसा, लवकर जमतो. खोदलं ते पांढरं, हा हिशेब तोच. फक्त ठसा उलटा येतो. तुळशीची डावीकडे झुकलेली फांदी उजवीकडे गेली, चित्राचा सगळा तोल बदलला, आणि मला तो इतका आवडला की पुढे ती तिकडेच ठेवली.

अझुलेजो, म्हणजे ग्लेझच्या काचेसारख्या लेपावर रंगवून भाजलेली पोर्तुगीज पद्धतीची फरशी. तिला मात्र सराव हवाच. कच्चं ग्लेझ ब्रशमधलं पाणी टेकताक्षणी शोषून घेतं, मग पुसापुशी चालत नाही. कोबाल्ट लावताना मळकट दिसतो, भट्टीतून निघाल्यावर निळा.

साळगावात 1924 मध्ये जन्मलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी काढलेली डोकी एकापाठोपाठ एक जरूर बघा. पेनाच्या रेघांतली, जाड तैलरंगातली, 1960 च्या दशकातली काळ्यावर काळी, आणि छापील मासिकांच्या पानांवरची शाई रसायनाने विरघळवून काढलेली. डोकं तेच, पण प्रत्येक माध्यमाने त्याला वेगळं वागवलंय. माझ्या मते गोव्यात शिकणाऱ्याला याहून चांगला धडा नाही.

माध्यम बदलताना जुनं चित्र ट्रेस करू नका, आठवणीतून काढा. जे विसरलं, ते बहुधा नकोच होतं. प्रत्येक कामामागे तारीख आणि माध्यम लिहा. पोर्टफोलिओत ही मालिका सलग लावा, कच्च्या ठशांसकट. मुलाखतीत प्रश्न त्यांच्यावरच येतात.