खारा वारा आणि मे महिन्याची घाई: कोकणात घराचं काँक्रीट करताना या चुका टाळा

कोकणात घर बांधायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, "चौरस फुटाला किती पडेल?" दुसरा, "मिरगाच्या आत स्लॅब होईल ना?" तिसरा सहसा नसतोच. सळीखाली किती काँक्रीट राहणार, वाळू कुठची, पाणी कुठल्या विहिरीचं, हे विचारणारा मालक क्वचित भेटतो. भेटला की त्याच्या कामाला जायला मला मनापासून आवडतं.

घाटावर जी हयगय खपून जाते ती इथे खपत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, उरलेले आठ महिने खारा वारा आणि दमट हवा. काँक्रीटच्या आत सळी शाबूत राहते ती सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे तिच्यावर एक संरक्षक थर धरतो म्हणून. मिठातला क्लोराइड आत शिरला की तो थर तुटतो आणि पाणी नि हवा मिळाली की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून तो काँक्रीट आतून फोडतो. बाहेर भेग दिसते तेव्हा आतला कार्यक्रम बराच उरकलेला असतो.

सळीखाली दगडाची चीप

सळी पाटावरून उचलायला तिच्याखाली दगडाची चीप सरकवणं, ही चूक पाहिली की माझं डोकंच फिरतं. आयएस 456 हे आपल्याकडचं काँक्रीटचं मानक. त्यात किनारपट्टीचं हवामान 'तीव्र' वर्गात मोडतं. या वर्गात सळईच्या काँक्रीटसाठी किमान एम 30 ग्रेड (आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत), पाणी-सिमेंटचं प्रमाण जास्तीत जास्त 0.45, घनमीटरला किमान 320 किलो सिमेंट आणि 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळीच्या बाहेरचा काँक्रीटचा थर, सांगितलंय. लाटांचे तुषार थेट अंगावर येणाऱ्या घराला त्याहून कडक, एम 35 आणि 50 मिलिमीटर. गावात मात्र अजून "एकास दोनास चार", म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी, चालू आहे. ते साधारण एम 15 होतं. घमेल्याच्या मापाचं काँक्रीट मानकाला एम 20 पर्यंतच मान्य आहे. एम 30 हवं तर मिक्स डिझाइन, म्हणजे मालाचं प्रमाण चाचणी करून ठरवणं, करून घ्यावं लागतं, आणि तो खर्च तुमच्या मुख्य दरवाजाच्या नक्षीपेक्षा कमी असतो.

देवगडच्या बाजूला खाडीकाठी एका चाकरमान्याचं घर आहे. दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती. मालक शिमग्याला आले तर बेडरूमच्या छताचा पोपडा गादीवर पडलेला. त्यांना वाटलं गळती आहे, म्हणून वरून वॉटरप्रूफिंग करायला मला बोलावलं. मी खालून छिन्नी लावली. प्लास्टर हातानंच निघालं. त्यामागे सळ्यांच्या रेषेत लाल पट्टे, फुटा-फुटावर, सगळ्या खोलीभर. सळी थेट शटरिंगच्या पाटावर झोपवलेली, तिच्याखाली काँक्रीट नव्हतंच, होतं ते फक्त प्लास्टर. आठ मिलिमीटरची सळी काही ठिकाणी आगकाडीएवढी उरली होती. मध्येच एके ठिकाणी सळीखाली एक चीप सापडली. कशाची, तर जांभ्याची! चिरा फोडताना उडालेली कपची कुणीतरी उचलून सरकवली होती. जांभा सच्छिद्र, पाणी पितो. म्हणजे कव्हर तर नाहीच, उलट सळीला पाणी पाजायची सोय. काँक्रीटात बारीक पांढरे तुकडे चमकत होते, शिंपल्यांचे. वाळू कुठची हे विचारायची गरजच उरली नाही.

मूळ ठेकेदाराला मालकांनी माझ्यासमोर फोन लावला. त्याचं उत्तर एकच, "काय होवचा नाय, काका. प्लास्टर मारून घेवा." हे वाक्य मी इतक्या साइटवर ऐकलंय की त्याची आता पाटी लावावी.

स्लॅबची एक पूर्ण पट्टी पाडून नव्यानं करावी लागली. सळीखाली ठेवायच्या पाच-सहाशे रुपयांच्या कव्हर ब्लॉकसाठी.

माझी सवय सांगतो. कव्हर ब्लॉक मी घरच्या घरीच ओततो. काँक्रीट जितकं सकस तितकाच मसाला, मध्ये बाइंडिंग तार आणि नंतर निदान आठवडाभर पाण्याच्या पिंपात. ब्लॉक सळीला बांधायचे, नुसते सरकवायचे नाहीत. तयार मिळणारेही चालतात, पण माप पाहून घ्या. दुकानदार हातात 20 चे देतो, कारण सगळे तेच नेतात. कव्हर मोजायचं ते सगळ्यात बाहेरच्या लोखंडापासून, म्हणजे कॉलम-बीममध्ये मुख्य सळ्यांभोवतीच्या रिंगेच्या बाहेरच्या कडेपासून. फिटर मुख्य सळीपासून मोजून दाखवतो, तिथे फसू नका. आणि स्लॅबला 45 कव्हर द्यायचं तर नेहमीच्या पाच इंचांत हिशेब बसत नाही. जाडी इंजिनिअरला आधीच वाढवायला सांगा. ओतायच्या दिवशी हा विषय काढलात तर सगळे तुमच्याकडे वेड्यासारखे बघतील.

वरच्या सळ्यांना खुर्च्या, म्हणजे सळी वाकवून केलेले टेकू, लावायला विसरू नका. बाल्कनीचं लोखंड वरच्या अंगाला असतं, माणसं घमेली घेऊन त्यावरून चालतात आणि ते खाली दबतं. अशा बाल्कनीखाली मी उभा राहत नाही.

"जरा पातळ कर रे"

मिक्सरपाशी उभं राहून ही हाक किती वेळा येते ते ऐका. पातळ माल भरायला सोपा, खोरं कमी मारावं लागतं, माल हलवून बसवणारा व्हायब्रेटरही लागत नाही असं वाटतं. 0.45 चा हिशेब मांडला तर 50 किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी येतं, आणि ओल्या वाळूतलं पाणी त्यातूनच वजा करायचं. प्रत्यक्षात दोन बादल्या नि वर "अंदाजानं थोडं" जातं. जादा पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक नळ्या ठेवतं. खाऱ्या हवेला आत जायला तेवढं पुरतं.

बादलीला आतून रंगाची रेघ मारून ठेवा. माल घट्ट वाटला तर पाणी नाही, प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) घाला, तोही डब्यावरच्या मापानं. व्हायब्रेटर दोन मागवा. भाड्याचा एक व्हायब्रेटर अर्ध्या स्लॅबला बंद पडतो, हा निसर्गनियम आहे.

वाळू आणि विहीर

खाडीची वाळू स्वस्त पडते. पण तिच्यात मीठ आणि शिंपले येतात, देवगडच्या त्या स्लॅबसारखे. "पावसात एक चौमासा पडून राहिली, धुतली गेली," असं सांगतात. ढिगाचा वरचा थर धुतला जातो, पोटातल्या वाळूचं काय? ती जिभेवर ठेवून बघणारे तज्ज्ञही आहेत. त्यांना नमस्कार करून चाचणी प्रयोगशाळेत करा. माझं सरळ मत, सळईच्या कामाला चांगल्या प्लांटची क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरा. भुकटी जास्त असलेली मात्र नको, ती पाणी जास्त मागते. जांभ्याची खडी तर कशातच नको, साध्या कोब्यातही नको.

पाण्याकडे तर कुणाचंच लक्ष जात नाही. किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात आणि आपले बहुतेक स्लॅब नेमके तेव्हाच पडतात. सळईच्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत हवा. डिसेंबरात तपासलेलं पाणी मेमध्ये तसंच असेल हे गृहीत धरू नका. त्या पाण्याचा चहा मचूळ लागला तर टँकर मागवा. पाणी मारायलाही तेच गोडं पाणी. मचूळ पाण्यानं भिजवलेला कॉलम म्हणजे मीठ लावून ठेवलेली मासळीच.

गडगा पाडून भिंत

आपल्या वाडवडिलांना इंजिनिअरिंग येत नव्हतं असं मानणाऱ्यांसाठी हा भाग. दगडावर दगड ठेवलेला गडगा पावसाचं पाणी अडवत नाही, फटींतून सोडून देतो. म्हणून तो पिढ्यान् पिढ्या उभा. चाकरमानी येतात, त्यांना गडगा गावंढळ वाटतो, तो पाडून उतारावर गुळगुळीत काँक्रीटची भिंत उभी करतात. भोकं ठेवत नाहीत, कारण भिंतीवर ओघळ येतात.

वेंगुर्ल्याच्या बाजूला अशीच एक सहा-सात फुटी भिंत होती. पाठीमागे कापलेला उतार, त्यात भरलेली लाल माती. मी दुसऱ्या कामाला तिथून जात होतो तेव्हा ती नुकतीच झाली होती. मालकांना म्हटलं, "दादा, खाली पाइप सोडा, अजून वेळ गेली नाही, ड्रिल मारून होईल." ते म्हणाले, "ठेकेदारानं लोखंड भरपूर घातलंय." घातलंही असेल. पण भिंतीमागे पाणी तुंबलं की सात फुटांच्या तळाशी त्याचा एकट्याचा दाब चौरस मीटरला दोन टनांवर जातो, मातीचा वेगळा. जुलैत एका रात्री झड लागली आणि सकाळी भिंत आख्खी अंगणात आडवी. तुटली नव्हती, पायातून उलथली होती. तुळशीवृंदावन तिच्याखाली गेलं. माणूस कुणी नव्हता एवढंच.

भिंतीमागे माती थेट टेकवू नका. फूटभर रुंदीत डबर भरा, तळाशी भोकांचा पाइप उताराला काढा आणि भिंतीत चार-पाच फुटांवर तीन-चार इंची पाइप ठेवा, बाहेरच्या बाजूला किंचित उतरते. पाइपाचं मागचं तोंड डबरात राहायला हवं, नाहीतर माती पहिल्याच पावसात ते बुजवते. वरच्या अंगाला चर खणून पाणी बाजूला वळवलं की निम्मं काम तिथेच झालं. जागा पुरत असेल तर मी आजही गडगाच सुचवतो. ठेकेदारांना ते आवडत नाही.

घराचा अर्धा पाया कातळावर आणि अर्धा भरावावर, ही याच चुकीची भावंडं. भरावाकडचा भाग बसतो आणि भिंत तिरकी फाटते. भराव खणून मूळ घट्ट जमिनीपर्यंत जा, मग फुटिंग कितीही खोल जावो.

बाकीच्या, भराभर

मेच्या शेवटी स्लॅब ठेवू नका. 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ मेच्या मध्यालाच किनाऱ्याला घासून गेलं आणि 2025 मध्ये मान्सून 25 मेच्या सुमारास तळकोकणात हजर होता. दसऱ्यानंतर पाया, शिमग्याच्या आधी स्लॅब, हे वेळापत्रक धरा. तरीही ताडपत्र्या साइटवर हव्यात, दुकानात नव्हेत.

पाऊस पडतोय म्हणून पाणी मारणं थांबवू नका. उघडीप पडते, वारा सुटतो, कॉलम तासाभरात कोरडा. स्लॅबवर आळी करून पाणी साठवा, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा, गोणपाट नसेल तर भाताचा पेंढा बांधा. पीपीसी (राख मिसळलेलं) किंवा स्लॅग (भट्टीतला मळ मिसळलेलं) सिमेंट असेल तर चौदा दिवस, आणि खारपट भागात मी तेच वापरतो.

साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांच्या आत काढू नयेत, त्याहून मोठ्याचे चौदा, बीमचे चौदा ते एकवीस. सेंट्रिंगवाल्याला पाट दुसऱ्या साइटवर न्यायचे असतात, ती त्याची अडचण, तुमची नाही.

सिमेंट जमिनीवर आणि भिंतीला टेकवून रचू नका. पावसाळा काढलेली गोणी फरशीखालीसुद्धा नको.

गच्चीला दहा फुटांना सव्वा-दीड इंच उतार स्लॅब झाल्या झाल्या द्या. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच हवीच.

आणि "पुढेमागे वर मजला चढवू" म्हणून गच्चीवर उभ्या ठेवलेल्या त्या सळ्या! रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत प्रत्येक वाडीत दिसतात. मजला चढत नाही, मुलगा ठाण्यात फ्लॅट घेतो आणि सळ्या गंजत गंजत कॉलमच्या पोटात गंज उतरवतात. ठेवायच्याच असतील तर सिमेंटचं दाट पाणी लावून कमी सिमेंटच्या काँक्रीटमध्ये झाकून टाका. त्या मजल्याचा भरवसा नसेल तर सरळ कापा.

झालेलंच असेल तर

पोपडा पडला की त्यावर प्लास्टर मारणं म्हणजे गंजाला पांघरूण घालणं. आधी हातोडीनं ठोकून बघा, पोकळ आवाज कुठपर्यंत येतो ते खडूनं आखा आणि सगळं फोडा. सळीच्या पाठीमागे बोट जाईल इतकी जागा मोकळी झाली पाहिजे. सळी तारेच्या ब्रशनं चकचकीत करून गोड्या पाण्यानं धुवा, मग गंजरोधक लेप आणि वरून पॉलिमरचा दुरुस्तीचा मसाला, एका दमात जाड न भरता थरानं. वाळूच खारी असेल तर दुरुस्त केलेल्या तुकड्याच्या शेजारी नवा गंज उठतो, तेव्हा एक खोली करून थांबू नका, सगळं छत तपासा. सळी नजरेला बारीक झालेली दिसली तर मिस्त्री पुरे नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा. आणि तो येईपर्यंत त्या खोलीत टेकू लावा, खाट दुसरीकडे हलवा.