जुन्या फोनची डायल रेंगाळते, नंबर भलताच लागतो

पुण्याच्या जुन्या बाजारातला भिंतीवरचा फोन. डायलटोन स्वच्छ, पण ० फिरवला की चकती रेंगाळत परते आणि नंबर चुके. तारा बदलल्या, स्प्रिंग ताणली, नुसता वैताग. दोष निघाला गव्हर्नरमधल्या, म्हणजे चकतीचा परतीचा वेग सांभाळणाऱ्या भागातल्या, वाळलेल्या ग्रीसचा.

आधी लाइन काढा, घंटी वाजताना चांगला झटका बसतो. डायल सोडवा. गव्हर्नर आणि दातेरी चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रशने धुऊन पूर्ण वाळवा. मग घड्याळजीकडचं तेल, सुईच्या टोकाने, फक्त आसांच्या टोकांना. गव्हर्नरची वजनं जिथे घासतात तिथे तेल अजिबात नको, वेग बिघडतो. शेवटी अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी काँटॅक्टमधून, म्हणजे लाइन जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पत्र्यांमधून, ओढा. पॉलिश पेपर नकोच. ० चे १० पल्स (लाइनवर जाणारे ठोके) साधारण १ सेकंदात पडले की डायल बरोबर.